कसर

दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची तिकिटं फाडणाऱ्या
नफिसा मुकादमनं रुमालात बांधून आणलं हे बाड.
"वाचा नि परत करा. शनिवारी भाऊ येतोय."

तेव्हापासून वाचनालयाच्या मागच्या खोलीत
मी, कॅमेरा, दोन दिवे, टेबलावर काळं कापड
आणि धोपाव्याकडून येणारा भोंगा.
भोंगा झाला की टेबल थरथरतं,
पान पुन्हा टिपावं लागतं.

सॉफ्टवेअर भराभर वाचतं.
माझा दिवस जातो तिथं त्याला सव्वा मिनिट.
काल त्यानं वाचलं :
नाखव्यासवें खंत पाठविलें.

मी थबकले.
चार-पाचशे वर्षांपूर्वीचा कुणी कान्हो कारकून
खाडीच्या मुखाशी बसून
परमुलखात खंत धाडतो,
मिरी-सुपारीच्या पोत्यांमधून, रीतसर नोंद करून!

पण 'पाठविलें' म्हणतोय तो.
खंत असती तर पाठविली असती.
पान उचलून दिव्यासमोर धरलं.
'लें'वरचा ठिपका काळाच राहिला, शाईचा.
'ख'वरच्या ठिपक्यातून उजेड आला.
कसरीनं खाल्लेलं भोक, खालच्या कापडानं काळं दिसलेलं.
खतच होतं ते. साधं, उधारीचं.

चूक दुरुस्त केली. यंत्राला शिकवलं,
भोक म्हणजे अक्षर नव्हे.
ते शिकलंही. पुढची चाळीस पानं
बिनचूक, कोरडी : खत, खत, खत.

शनिवारी रुमालाची गाठ मारताना
नफिसानं विचारलं, "काय निघालं?"
"हिशेब," म्हटलं.

ती पहिली, चुकीची फाइल मात्र
अजून पुसलेली नाही मी.