सहावा दिवस

डंडीत पहाटे उणे दोन.
इनक्यूबेटरमधली अंडी मात्र उबेत, सहावा दिवस.

कवचाला खिडकी पाडते, पाहते:
पाय अजून कूर्चेची एकसंध काडी,
गुडघ्याचा पत्ता नाही.
मग एक जनुक मधल्याच काही पेशींना बजावतं,
तुम्ही हाड व्हायचं नाही.
त्या चपट्या होतात,
दाटीवाटीनं तिथंच बसून राहतात.
एवढ्या नकारावर पुढे पाय वाकतो.

पण पिल्लानं आत लाथा झाडत राहायला हवं,
नाहीतर पडलेली फट पुन्हा बुजते.

शेजारी आइल्सा, चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकाशी.
स्टुलावरून उठताना टेबल धरते,
गुडघा कटकन वाजतो.
"माझी झिजली गं सगळी," म्हणते,
आणि पुढचं अंडं
दिव्यासमोर धरते.