अंतऱ्यातली खूण

उद्यमनगरात, मोकाशींच्या मोल्डिंग शॉपमध्ये
सोमवारी भट्टी बंद असते.
तिथं मी तानपुरा नेला, ब्लँकेटात गुंडाळून,
तीनचाकी टेम्पोत, भोपळा मांडीवर धरून.
ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पेशंट हाय काय?"

काळ्या वाळूच्या ढिगांमध्ये खुर्च्या मांडल्या चाळीस.
आले एकोणीस. त्यातले सहा चहाला.
हिंदुराव चौगुल्यांनी विचारलं,
"भजन असंल तर टाळ आणू?"
भजन नाही, म्हटलं. ख्याल आहे.
"कुणाचा?"
सगळे हसले, मीही हसले,
पण तो प्रश्न पदराला कुसळासारखा चिकटून राहिला.

वर्गात शिकवतात तशीच सुरुवात केली मी:
आरोह, अवरोह, वादी, संवादी,
कोमल कुठले, तीव्र कुठला.
दहाव्या मिनिटाला एक मोबाइल वाजला,
विसाव्याला मागची अख्खी रांग
तंबाखू मळायला बाहेर.

मग वही मिटली.
पुतणीला म्हटलं, तबला लाव.
चार वाजले होते. उन्हं जाळीतून वाळूवर तिरपी.
मुलतानी घेतला, आणि सा लागेना,
वर पत्रा तापून स्वतःचंच काहीतरी गुणगुणत होता.

सम काय असते, ते सांगावं लागलं नाही.
सर्जेरावनं पंचवीस वर्षं घण मारलेला,
तिसऱ्या आवर्तनाला त्याची मान
माझ्याआधी समेवर उतरली,
आणि तो दचकून इकडंतिकडं बघायला लागला,
कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखा.

संपल्यावर टाळ्या बेताच्या.
बाबालाल मुजावर, पॅटर्नमेकर, हात वर करून म्हणाला,
"हे बनवलं कुणी?"
मी घराण्याचं सांगितलं. बाईंचं सांगितलं,
बाईंच्या वस्तादांचं सांगितलं.
"ते झालं गाणाऱ्यांचं. बनवलं कुणी?"

अंतऱ्यात असतं नाव, मी म्हणाले.
'कहत सुघरदास.'
तीस वर्षं मी ती ओळ तानेत घेऊन पळते,
समेच्या घाईत 'दास' तर गिळूनच टाकते.
कोण होता, कुठला, पोटाला काय करायचा,
माझ्या वहीत नाही. बाईंच्याही नव्हतं.
हातोहात येताना मधे कुठंतरी माणूस सांडला,
नाव तेवढं आलं. तेही मी अर्धं केलं.

बाबालाल उठला.
मागच्या फळीवरून एक सागवानी पॅटर्न घेऊन आला,
पंपाच्या बॉडीचा, लाल रंग टवके गेलेला.
उलटा धरला. आत, जिथं मशीन लागत नाही,
घासायला कुणाचा हात जात नाही,
तिथं नखाएवढी चंद्रकोर.
"अब्बाची. आता मी घालतो.
पंप कुठं कुठं जात्यात, आम्हाला काय ठाव.
पण कास्टिंग निघालं की ही निघतीच आत."

कुणीतरी खोकलं.
बाहेरचे दोघे तंबाखू थुंकून दारात येऊन उभे.
हिंदुरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"मग परत म्हणा की ताई.
आन् त्या गड्याचं नाव जरा दमानं घ्या."

दमानं घेतलं.
सु, घ, र.
एवढंसं अक्षर, पण 'घ'च्या पोटात श्वास पुरेना,
'दास'वर तर मी नवशिकीसारखी अडखळले,
पुतणीनं ठेका धरून ठेवला, मान खाली घालून.
तेव्हा पहिल्यांदा वाटलं,
या ओळीत कुणीतरी उभं आहे
आणि मी रोज त्याला धक्का मारून पुढं जात होते.

पुढच्या सोमवारी अकराच आले.
चहावाले त्यात तिघं.
फळ्यावर पाळीचा हिशोब होता,
बॉक्स अठ्ठेचाळीस, रिजेक्शन तीन,
आणि त्याखाली, खडूनं, कुणाच्या तरी जड हातानं:
सुगरदास.

'घ'चा 'ग' झालेला.
मी खडू उचललाही होता.
ठेवून दिला.