हातावर तुरी

फेब्रुवारीत, दुपारी चारच्या सुमारास
ग्रासमधल्या ऑनोरीनबाईंच्या दुकानात ऊन येतं ते तिरपं,
खालच्या फळीवरच्या बाटल्यांपुरतंच.
त्या उन्हात टोपी हातात धरून उभे होते
फुल्क्रां आस्त्रुक, डोंगरावरच्या बसचे ड्रायव्हर.
म्हणाले, व्हायोलेट हवंय.
गोळ्यांच्या डबीतलं नको.
बायकी नको. पुरुषीही नको.
मग टोपी फिरवत: फुलासारखं असेल तर द्या.

मी तिथे शिकाऊ, कागदी पट्ट्या कापायला.
पहिली पट्टी हुंगून त्यांनी नाक मुरडलं,
"ही आमची क्लोतिल्द मावशी, चर्चला निघालेली."
दुसरी नुसती साखर.
तिसरी पानाची, फुलाचा पत्ता नाही,
काकडी चिरल्यावर सुरीला राहतो तो वास.
ती मात्र त्यांनी दोनदा हुंगली.
"इथवर रस्ता बरोबर आहे."

मग आई निघाली बोलण्यात.
ऑलिव्हखालच्या वाफ्यांत ओणवी होऊन ती फुलं खुडायची,
पंचवीसची जुडी, भोवती पानांची झालर,
आणि दोरा दातांनी तोडायचा.
संध्याकाळी तिचे हात म्हणजे
चिखल, गारठा, आणि मधूनच
ते.
"मधूनच," त्यांनी पुन्हा सांगितलं,
जणू मी लिहून घेत होते.

बाईंनी चष्मा काढला.
हे फूल देत नाही हो, म्हणाल्या.
गुलाब देतो. जाई देते.
संत्र्याची कळीसुद्धा कुरकुरत का होईना, देते.
हे एवढंसं, याला मणाने कढवा,
हातावर तुरी देऊन जातं.
आम्ही विकतो ते जुळवलेलं:
वर्षानुवर्षं वाळवलेलं आयरिसचं मूळ,
प्रयोगशाळेतला एक रेणू,
आणि पान.
तिघेही खोटे साक्षीदार.
जबानी जुळली तर खरं वाटतं, एवढंच.

जुळायला अकरा दिवस लागले.
पान वाढवलं, साखर जवळजवळ हाकलली,
मातीचा एक थेंब घातला, तो जास्त झाला,
सगळं ओतून पुन्हा.
मग आल्यागेल्याचं मनगट धरायचं.
टपाल आणणारी सिद्धोनी, तिच्यावर ते ओल्या दगडासारखं झालं.
फ्रीज दुरुस्त करायला आलेला इद्रिस लाजला,
पण जाताना दुसरंही मनगट पुढे केलं.
सिस्टर उर्स्यूल म्हणाल्या, याला पाप लागणार नाही,
खरं तर कोणीच लागणार नाही, थांबतंय कुठे?
माझ्यावर काय झालं ते मला कळलंच नाही.
बाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, हं.

फुल्क्रां छोटी बाटली घेऊन गेले
आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तावातावाने.
"पाच मिनिटं! पाच मिनिटांत गायब!
हे अत्तर की खिसेकापू?"
बाईंनी त्यांना खुर्ची दिली.
वास जात नाही, म्हणाल्या, नाक झोपतं.
या फुलाची खोडच ती,
आधी नाकाला गुंगी देतं, मग बसून राहतं तिथेच.
थोड्या वेळाने नाक जागं होतं, पुन्हा भेट, पुन्हा झोप.
"म्हणजे मधूनच," मी म्हणाले.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
पैसे मात्र परत मागितले.
मग गल्ल्यापाशी उभे राहून, नको म्हणाले.

गेल्या गुरुवारी मी त्यांच्याच बसने घरी गेले.
चढणारा प्रत्येक जण तिकिटाशी किंचित रेंगाळत होता,
एका म्हातारीने तर चक्क विचारलं,
जुड्या कुठे ठेवल्यात, पायाशी?
फुल्क्रां आरशातून म्हणाले, "अजून येतोय?"
येतोय, मागून कोणीतरी सांगितलं.
"मला नाही येत."
आणि गिअर टाकला,
वळणावर हॉर्न,
आणि पुढल्या थांब्यावर दार उघडून गार हवा आत आली तेव्हा
ते एकदम गप्प झाले.
दार बंद करायला विसरले.
मागचे ओरडायला लागले, थंडी, थंडी.