तळटीप एकेचाळीस

शहापुरात, जिन्याखालच्या खोलीत
मी लोकांचे प्रबंध छपाईला लावतो.
दुर्गा हिंडलगेकरांचा हातमागांवरचा
साध्या मजकुरात आलाय, ना ठळक ना तिरपा,
नुसत्या फुल्या, चौकटी कंस
आणि कंसात टोपणनावं: @नीलव्वा, @गॅझेट.
टोपणनावामागचं खरं नाव यंत्रानं शोधायचं,
असा करार.

वर मजकुरात तो पाळला जातो.
खाली, तळटिपेत, यंत्राच्या पायात काहीतरी अडकतं.
कंसात कंस. स्वल्पविरामाला चिकटून पूर्णविराम.
पहिल्या फेरीत नावाच्या जागी जाड प्रश्नचिन्ह,
दुसरीत नाव येतं, पण फितीचा आकडा गेलेला.
तिसरी होईस्तोवर मी चहा उकळून घेतो.

काय करूलालास रे अजून, आईनं विचारलं.
नीलव्वा शोधूलालोय.
कुठली, बेटगेरींची? ती जाऊन बारा वर्षं झाली की.

टीप एकेचाळीस. नीलव्वा बेटगेरी, ध्वनिफीत, कन्नडमधून:
"मोजणारा आमच्या बोळात आलाच नाही.
खड्ड्यात पाय सोडून विणत होतो आम्ही,
वरून कुणाला दिसणार?"
त्याखाली बाईंनी परवा एक ओळ वाढवली:
पहा, सरकारी गॅझेट, माग एकूण सत्तर.
एवढंच. टिपेच्या शेपटाला एक संदर्भ.

आणि बेचाळिसावी, कालपर्यंत नीलव्वाची,
तिथं यंत्रानं छापलं: तत्रैव.
तत्रैव म्हणजे आधीचंच,
आणि आधीचं आता गॅझेट.
म्हणजे "नवरा टांगा हाकायचा,
सूत उधार आणायची ती मीच"
हे आता सरकार बोलतंय.

चूक म्हणावी तर नियमात कुठं चूक नाही.
तीनदा तपासलं.
माझ्या दुकानाच्या पाटीवरही
वर मोठं कन्नड आहे, खाली बारीक मराठी.
गिऱ्हाईक दोन्ही न वाचताच आत येतं.

शेवटी आपोआप तत्रैव बंद केलं.
बेचाळीस ते एकोणपन्नास, आठ वेळा
हातानं लिहिलं: नीलव्वा बेटगेरी, फीत दोन, बाजू ब.
विद्यापीठाची नियमावली म्हणते, पुनरुक्ती टाळा.
म्हणून बाईंना फोन केला.
त्या जरा वेळ गप्पच.
मग म्हणाल्या, पुनरुक्ती असू दे.
पण बाजू अ लिहा.
ब वर ती बोलत नाही,
नुसता माग वाजतोय, पाऊण तास.