आंबेटेक हॉल्ट

आधी रूळ उचलले.
मग खडी गेली, कुणाच्या तरी पाणंदीत.
स्टेशन तेवढं राहिलं,
काळ्या दगडाचं, एका खोलीचं,
पाटीवरचं ‘आंबे’ शाबूत, ‘टेक’ गंजलेलं.

मिरजेकडनं येणारी छोट्या रुळांची गाडी
इथं तीन मिनिटं थांबायची,
गुळाच्या हंगामात अकरा.
रवे चढवताना एखादा फुटला
की पोरं आधी धावायची, मुंगळे नंतर.
दस्तगीर शिकलगार पॉइंट्समन, तो ओरडायचा,
पण खडा त्याच्याही गालात असायचा.

खासबागेत कुस्त्या असल्या की
दारादारात मोडक्या कानांचे पैलवान.
जाताना सगळे बोलत.
परतीच्या गाडीत कोण पडलं
ते डब्याच्या गप्पपणावरनं कळे.

मोठी लाइन येणार म्हटल्यावर
गावानं वर्गणी काढून स्टेशनाला चुना दिला.
मोजणीचे लोक चहा पिऊन गेले,
आणि लाइन नेली ओढ्यापलीकडनं, कोसभर वाकडी.
का, ते कुणी सांगितलं नाही.
चुना अजून आहे कोपऱ्यात, छपराखाली,
पाऊस पोचत नाही तिथं.

वजनकाटा नेमगोंडा मगदूमांनी लिलावात घेतला,
साडेबावीस रुपयांना.
गुऱ्हाळात अजून अर्धा शेर चुकतो.
रेल्वेत असतानाही चुकायचा;
कुणाच्या बाजूनं, यावर गावात दोन मतं आहेत.
घंटा शाळेत गेली.
सागाचे स्लीपर आमच्या गोठ्याला तुळया झाले,
खिळ्यांच्या भोकांसकट.
ह्या भोकापासनं त्या भोकापर्यंत
माझ्या पाच विती.
एवढ्यावरनं सगळं जायचं-यायचं.

शेवटच्या दिवशी तिकीट एकच खपलं.
दस्तगीरच्या बायकोनं घेतलं, खैरूननं,
पुढच्या स्टेशनापर्यंतचं.
बावीस वर्षं फलाटाला लागून चूल मांडली,
गाडीत कधी बसली नव्हती.
भाकरी थापायच्या ठेवून गेली,
उतरली, आणि चार मैल
रुळांतनं चालत परत आली.
पायांना डांबर.

काय बघितलंस, विचारलं,
तर परातीत पीठ घेत म्हणाली,
‘आपलं घर. आतनं लई लवकर जातंय.’

तिकीट तिच्याजवळ नाही.
उतरताना काढून घेतलं,
नियमाप्रमाणं.