वाहायची, वाचायची नाही

मेडिकलच्या तळघरात एकतीस वर्षं
मी फायली काढल्या आणि परत ठेवल्या.
खाकी पुठ्ठा, पांढरी नाडी, कोपऱ्यात नंबर.
रुजू झालो त्या दिवशी गभणे बाबूंनी
पहिली आणि शेवटची गोष्ट शिकवली:
फाईल वाहायची, वाचायची नाही.
वाचली, की रात्री जेवण जात नाही.

आता फायली गेल्या.
कुठंतरी वर गेल्यात म्हणे,
जिथं वाळवी चढत नाही.
आमच्या मानेवाड्याच्या गल्लीपुरतं
ते 'वर' माझ्या घरून उघडतं,
कारण मला वेळ आहे, चष्मा आहे
आणि पोरानं पुण्याहून पाठवलेला फोन.

एक लाल कापडी वही केली आहे.
पान एक: मी स्वतः. क्रिएटिनिन, दर तीन महिन्यांनी.
पान दोन: ठवकर गुरुजी. पासवर्ड त्यांच्या म्हशीचं नाव,
पण एक आकडा घाला, एक चिन्ह घाला, करता करता
म्हैस ओळखू येईनाशी झाली.
पान चार: दोघे भाऊ, बोलणं बंद, नोंदणीला मोबाईल एकच.
धाकट्याचा ओटीपी थोरल्याच्या खिशात वाजतो
आणि महिन्यातून एकदा ते
सहा आकडे बोलतात.

पान सात: सुगंधाबाई नंदेश्वर.
बावीस नंबर वॉर्डात आया होत्या.

मे महिना, सेहेचाळीस डिग्री.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून बनियनवर बसलो.
त्यांचं पान आदल्या दिवसापासून उघडंच राहिलेलं,
लॉग-आऊट करायचं मी विसरलो होतो.
मला फक्त धंतोलीच्या डॉक्टरांची तारीख बघायची होती.
वर आलं: नवीन अहवाल उपलब्ध.
खाली करड्या, बारीक अक्षरात:
डॉक्टरांनी अद्याप पाहिलेला नाही.

लाल रंगात एक शब्द होता.
तो मी इथंही लिहीत नाही.

गभणे बाबू, वाहायची म्हणालात,
पण जिची आहे ती समोरच्या पायरीवर
शेवग्याच्या शेंगा मोडत बसली असेल
तर ही कुठून कुठं वाहायची?

दिवेलागणीला त्या आल्या. हातात सांबाराची जुडी.
"आलं का जी काही?"
म्हणालो, सर्व्हर डाऊन आहे.
कूलर घरघरत राहिला.
त्यांनी जुडी ओट्यावर ठेवली, नीट, देठ भिंतीकडे करून.
"उके बाबू, पस्तीस वर्षं डॉक्टर लोकाइचे चेहरे पाह्यले म्या.
वाचाले ओटीपी लागत नव्हता.
तुमचा सर्व्हर तं पुरा उघडा हाय."

मग हात पदराला पुसून फोन घेतला.
दोन बोटांनी अक्षर मोठं केलं,
मीच शिकवलं होतं ते, दिवाळीत, नातीचा फोटो बघायला.
एकेक अक्षर जुळवत गेल्या. ओठ हलत होते.
मी सांबाराकडे बघत होतो.

"डॉक्टरले हे कधी दिसन?"
उद्या, दहानंतर.
"मंग रातभर आपल्या दोघाइलेच मालूम."
थोड्या वेळानं म्हणाल्या,
"कागदावर निघते का हे? हातात काही पाह्यजे."

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला सांगितलं, बघू नको.
तो बघतच नव्हता, त्याची मॅच चालू होती.
तीन पानं. गरम निघाली. पाच-पाच रुपये.

माळ्यावर माझा एक जुना पुठ्ठा होता,
रिटायर झालो तेव्हा सोबत आलेला, खाकी, कोरा.
त्यात पानं ठेवली. कोपऱ्यात नंबर घालायला
हात गेला, तो मागे घेतला. नाव लिहिलं.
नाडी बांधू का, विचारलं.

"सैल बांधा," म्हणाल्या,
"सकाळी सोडा लागन."