मापपुस्तकात नसलेली भिंत

पिंपळखुटा फाट्यावरच्या संडास-मुतारीचा नकाशा
माझ्या हाती आला तेव्हा त्यावर चहाचा गोल डाग होता.
त्यात सगळं होतं. पाया, दार, झरोका, उत्तरेचा बाण.
बसणारं माणूस तेवढं नव्हतं.

रेती चाळता चाळता पंचफुला म्हणाली,
"मिस्त्री, याच्यात पिशवी कुठी ठेवाव?"
कोणती पिशवी?
"बाजाराची. त्या जुन्या स्टॅण्डवर मी
डाळीची पिशवी दातात धरून बसली होती.
दोन्ही हात लुगड्यात. खाली सारा चिखल."
मी हसलो.
ती हसली नाही, चाळणी हलवत राहिली.

मग तिनं घमेलंभर फक्की घेतली
आणि भर उन्हात, मोकळ्या जमिनीवर
खोली काढली, जेवढीला तेवढी:
तीन बाय चार, भांडं, नळ, दाराचा फेर.
बाजारातून बाया बोलावून आणल्या.

वेणूताई बसली त्या पांढऱ्या रेषांत,
पदर तोंडावर, हसून हसून बेजार.
उठताना मात्र हसू थांबलं.
गुडघा वाजला, हात हवेत काहीतरी शोधू लागला.
जिथं शोधत होता तिथं मी टेप धरला.
सव्वीस इंच.
नकाशातला दांडा छत्तीसवर.
"उभ्या माणसाले कायले पाह्यजे बाप्पा दांडा?"
ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं,
नकाशाकडंही नव्हतं.

कोणाची तरी सून, आठवा महिना,
रेषा पुसल्याशिवाय तिला वळताच येईना.
पोट नळावर, पाठ दारावर.
मी बिजागऱ्यांची बाजू बदलली, दार बाहेर उघडेल असं केलं.

दार अजून निंबाला टेकवून ठेवलेलं.
सहावीतली मयुरी टाचा उचलून उचलून थकली,
कडीला बोट लागेना.
शाळेतही असंच आहे म्हणाली.
मैत्रीण बाहेरून दार धरते.
आणि मैत्रीण आली नाही त्या दिवशी?
"त्या दिवशी पाणी नाई पेत."
किती सहज. जसं काही
त्या दिवशी गणिताचा तास नसतो.

कडी खाली घेतली. खुंटी ठोकली.
खुंटीखाली वीतभर कोनाडा, मोबाइल आणि चष्म्यापुरता.
छतावरच्या काळ्या टाकीचं मे महिन्यातलं पाणी
दुपारी दोनला हातावर घेऊन पाहा,
मग ठरवा, आणखी कुठं घ्यायचं ते.
म्हणून आत सावलीला एक रांजण.

ढोबळे साहेब आले, गाडीतून उतरले नाहीत.
"नकाशापरमाणं आहे ना सगळं?"
मी म्हटलं, हो.
पंचफुलानं घमेलं जरा जोरात आपटलं.

एक गोष्ट मात्र चुकलीच.
बायकांचं दार पानठेल्याकडं तोंड करून.
पाया भरून झालेला, पायाला काही बिजागऱ्या नसतात.
शेवटच्या दिवशी उरलेल्या विटा मोजल्या.
दोघांनी मिळून दारासमोर आडवी भिंत घातली,
पाच फूट उंच, एका बाजूनं आत शिरायला वाट.
गिलावा नाही. सिमेंट संपलं होतं.

साहेबांच्या मापपुस्तकात ती भिंत नाही.
बिलात नाही, म्हणून माझ्या मजुरीतही नाही.
खुंटी दोनदा चोरीला गेली,
दोन्हीदा पंचफुलानं आपल्या घरचा खिळा आणून ठोकला.

परवा बाजाराच्या दिवशी तिथून जात होतो.
पानठेल्यावर चार पोरं, नेहमीसारखी, तिकडंच तोंड करून.
त्यांना विटा दिसत होत्या.
मागून बादलीचा आवाज,
आणि कोणीतरी बाई, बिनघोर, मोठ्यानं
आतूनच बाहेरच्या बाईला
वांग्याचा भाव विचारत होती.